न बघणारा माणूस पाहिजे

"मी भयंकर पेशन्सवाला माणूस आहे," एवढं सांगायला एका गृहस्थांनी सकाळी पावणेसातला मला फोन केला. मी दात घासत होतो. पहिला फोन वाजून थांबतो न थांबतो तोच दुसरा आला, आणि चूळ भरून मी मोबाइलपर्यंत पोचेस्तोवर व्हॉट्सॲपवर नुसती प्रश्नचिन्हं येऊन पडली होती. त्यांना आमची मिरी दत्तक हवी होती. आम्ही एकच अट घातली होती, घर संयमी हवं. आणि तेव्हा मला समजलं की संयमी नाही असा माणूसच पुण्यात नाही. गेटवर वॉचमनने वहीत नाव लिहायला सांगितलं म्हणून त्याच्याशी भांडून वर आलेले लोक धापा टाकत मला सांगायचे, "आमच्याकडे वातावरण एकदम शांत असतं हो."

मिरी म्हणजे कुत्री. काळी कुळकुळीत, अंगाने काटकुळी, वय दीडेक वर्षं. माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी तिला बाणेरकडच्या एका बांधकामावरून उचलून आणलं, तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं, लशी टोचल्या आणि "बाबा, दोनच दिवस, फोस्टर म्हणून" असं सांगून आमच्या गळ्यात घातलं. फोस्टर म्हणजे कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत ज्यांचं घर हातचं जातं ते लोक. मग मुलीला बंगळुरूला नोकरी लागली. ती गेली, मिरी राहिली. तेव्हापासून मुलगी तिकडून व्हिडिओ कॉलवर आम्हाला इथलं कुत्रं कसं सांभाळायचं ते शिकवते.

मिरीने सगळ्या घरातून एकच जागा निवडली, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधली. ही जागा जेमतेम वीतभर. मशीनचा पाइप बदलायला आलेल्या माणसाचा हात तिथे जात नव्हता म्हणून त्याने आमच्याकडून जास्तीचे पैसे घेतले होते. त्या जागेत एक आख्खं कुत्रं, शेपटीसकट. मशीन लावलं की ती थरथर कापायची म्हणून मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणून बायको बादलीत कपडे भिजवून मला हाका मारायची. माझ्या वयाची माणसं पहाटे टेकडीवर फिरायला जातात. मी चादरी पिळत होतो.

ती कशाला घाबरते हे सांगण्यापेक्षा कशाला घाबरत नाही हे सांगणं सोपं, कारण त्या यादीत काही नव्हतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, छत्री, झाडू, पाल, हेल्मेट घातलेला माणूस, तेच हेल्मेट काढणारा माणूस. कुकर बंद करून आम्ही डाळ पातेल्यात शिजवायला लागलो. ती शिजायची तेव्हा बिल्डिंगमधल्या इतरांची झोपायची वेळ झालेली असायची. पण सगळ्यांत मोठं भय म्हणजे वाकलेला माणूस. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या अनुभवात माणूस वाकतो तो एकाच कामासाठी, दगड उचलायला. पडलेलं पेन उचलायला वाकलं की मिरी गायब. बुटाची नाडी बांधायला वाकलं की गायब. मी बिननाडीचे बूट घेतले. त्यात पुतण्या नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आला. संस्कारी मुलगा. त्याने आधी मला वाकून नमस्कार केला, तशी मिरी मशीनमागून निघून पलंगाखाली गेली. मग काकूला वाकून नमस्कार केला, तशी पलंगाखालून निघून बाथरूममध्ये गेली. "देवालाही करतो," असं म्हणून तो देव्हाऱ्याकडे वळला तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला सरळ उभा ठेवला.

मुलीने यामागचं शास्त्र सांगितलं. "बाबा, पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे जे बघतं, हुंगतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. त्या दिवसांत मिरीने माणूस धड जवळून बघितलाच नाही."

"मग काय बघितलं?"

"जेसीबी."

घरात जेसीबी आणून उभा करायला सोसायटीने परवानगी दिली नसती. मग मुलीने दुसरे नियम दिले. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. समोरून जायचं नाही, तिरकं जायचं. डोक्यावरून हात न्यायचा नाही. जमिनीवर बसायचं, पण तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही. "तिने जांभई दिली म्हणजे झोप आली असं समजू नकोस, ते टेन्शन आहे. सारखी ओठांवरून जीभ फिरवली तरी टेन्शन. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला की खूपच टेन्शन."

"हे सगळं मलाही होतं," मी म्हणालो.

"पण तुझ्याकडे कोणी टक लावून बघत नाही ना, बाबा?"

शेजारच्या आजोबांनी मला नामदेव महाराजांची गोष्ट सांगितली. कुत्र्याने पोळी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी नको खाऊस म्हणाले. "हा भाव पाहिजे," आजोबा म्हणाले. महाराजांना निदान पोळी पळवणारं कुत्रं मिळालं होतं. आमच्याकडे पोळी होती, तूप होतं, भावाचंही मी बघून घेतलं असतं. पण वाटी खाली ठेवायला वाकावं लागतं. शेवटी मी गुडघे न वाकवता, भिंतीला टेकून, उलट्या बाजूने घसरत घसरत थाळी जमिनीवर टेकवायची एक रीत बसवली. बघणाऱ्याला मला झटका आला असं वाटायचं. मी उठून, दार लावून, दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो की मग तिकडे चकचक आवाज यायचा.

आता तुम्हीही तेच विचारणार जे सगळ्यांनी विचारलं: मग तुम्हीच का नाही ठेवून घेत? कारण आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे. बिल्डर कधीही सामान हलवायला सांगेल आणि आम्ही भाड्याच्या घरात जाऊ. घरमालक आधी विचारतात, व्हेज की नॉनव्हेज, आणि मग विचारतात, कुत्रं वगैरे? व्हेज असणं मी एक वेळ जमवीन. शिवाय खाली पंचवीस हेल्मेटवाले भिंती पाडणार, ते मिरीला कोण समजावणार?

चेअरमनसाहेब तर पहिल्याच आठवड्यात आले होते. "कुत्रं ठेवायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल." मी मुलीने पाठवलेला कागद पुढे केला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवून ठेवलंय की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. चेअरमननी कागद दोनदा वाचला. "बंदी नाही घालत. ठराव करू फक्त," म्हणाले. माणसाला ठरावाशिवाय करमत नाही. सभा झाली, आणि तीत मिरीविरुद्ध एकच तक्रार आली: कुत्रं भुंकत कसं नाही? "घरात आहे हे आम्हाला कळायला नको?" असं पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं पडलं.

तर, बघायला येणारे लोक.

पावणेसातच्या फोनवाले गृहस्थ सर्वांत आधी आले. "कुत्र्यांना माणूस कळतो," ते बूट काढतानाच म्हणाले. "आमच्या कॉलनीतलं कुठलंही कुत्रं घ्या, मला बघितलं की लोळण घेतं." मी त्यांना सांगितलं की तिकडे बघायचं नाही, सोफ्यावर बसून चहा घ्यायचा, ती आली तर येईल. त्यांनी मान डोलावली आणि सरळ वॉशिंग मशीनपाशी जाऊन, पालथं पडून, खांद्यापर्यंत हात आत घातला. आतून काही आलं नाही. मग त्यांनी "यू यू" केलं. मग शिट्टी वाजवली. मग "मिरे, मी आहे" असं सांगितलं, जणू काही तिची समजूत होती की दुसरंच कोणी आहे. उठले तेव्हा शर्टाला सगळी जळमटं आणि चेहऱ्यावर अपमान. "हिच्यातच काहीतरी गडबड आहे," म्हणाले. खाली उतरल्यावर पार्किंगमधली सगळी कुत्री त्यांच्यावर एकदम भुंकली. त्यांना माणूस कळला असावा.

मग एक फार प्रेमळ बाई आल्या. त्यांचा दोष एवढाच की प्रेम त्यांना वरच्या पट्टीतच करता येत होतं. "कुठंय माझं सोनुलंऽ" ही हाक ऐकून समोरच्या फ्लॅटमधलं बाळ जागं झालं. एक कुटुंब मुलाच्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून कुत्रं घ्यायला आलं. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नाही पटलं तर एक्स्चेंज होईल ना?" मुलगा तोवर मिरीच्या दिशेने मोबाइलचा फ्लॅश मारत होता. एका ताईंना ती सगळ्या दृष्टीने पसंत होती, पण तिच्या कानाचं टोक कापलेलं. हे नसबंदी झाल्याची खूण म्हणून मुद्दाम कापतात, म्हणजे त्याच कुत्र्याला पुन्हा पकडून टेबलावर घेत नाहीत, हे मी समजावलं. "ते खरं हो," त्या म्हणाल्या, "पण फोटोत असिमेट्री येते."

जातीचा प्रश्न तर चहाच्या आधी यायचा.

"ब्रीड कुठली?"

"गावठी."

"हो, पण कशात मिक्स?"

"गावठीत गावठी."

माणसं खचायची. एक सद्गृहस्थ मात्र आमच्या मदतीला धावले. "गावठी काय म्हणता, ही कारवान आहे. पाय बघा, कंबर बघा. मुधोळच्या कुत्र्यांचं ऐकलंय ना? लष्करात घेतलीयत त्यांना." मुधोळ आहे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, आणि तिथली कुत्री लष्करात गेली हे खरंच आहे. त्यांचं हे भाषण चालू असताना ट्यूबलाइटमागची पाल पट्कन खाली पडली आणि मिरीने थेट माझ्या चपलांच्या कपाटात माघार घेतली. सद्गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. "ट्रेनिंग लागतं थोडं," मग म्हणाले.

मुळशीकडे फार्महाउस असलेल्या एकांना राखणीला कुत्रं हवं होतं. मी म्हटलं, ही राखण करणार नाही, हिलाच राखण लागते. "साखळीला बांधली की येते बरोबर हिंमत," ते म्हणाले. "तुम्ही कधी असता तिथे?" बायकोने विचारलं. "शनिवार-रविवारी. म्हणजे, पाऊस नसला की." बायकोने त्यांना चहा दिला नाही. आमच्याकडे याहून कडक नकार नाही.

शनिवारवरून आठवलं. एक तरुण मुलगा आला, कपाळाला टिळा, अतिशय नम्र. मिरी काळी आहे याची त्याने फोनवर दोनदा खात्री करून घेतली होती. काळी कुत्री कोणाला नको असतात, म्हणून आम्ही हुरळलो. त्याने मिरीला बघितलं, म्हणजे तिची मशीनबाहेर राहिलेली शेपटी बघितली, आणि रंगाबद्दल समाधान व्यक्त केलं. मग म्हणाला, "काका, साडेसाती चालू आहे. काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायला सांगितलीय. हिला फक्त शनिवारी नेता येईल का? रविवारी सकाळी आणून सोडतो." मी त्याला म्हटलं, इथेच येऊन घाल. तो बरेच शनिवार आला. मिरीने त्याची एकही पोळी त्याच्यासमोर खाल्ली नाही. त्याची साडेसाती लांबली असल्यास आमचा नाइलाज होता.

खरी आशा लागली ती बाणेरच्याच एका जोडप्यामुळे. दोघंही आयटीत, मूल नाही, आवाज हळू, वाचन दांडगं. मी नियम सांगायला लागलो तर तेच मला पुढचे सांगायला लागले. हार्नेस, पट्टे दोन, कारण नवीन घरातून घाबरलेलं कुत्रं पळून जातं ते पहिल्या काही दिवसांतच, दारं-खिडक्यांना जाळ्या, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा घरात उंचावर. मुलीनेही हिरवा कंदील दिला. मी त्या रात्री मशीन लावून स्वतःच्या आवडीचे सगळे कपडे धुतले.

दत्तकवाल्यांमध्ये एक तीनाचा आडाखा चालतो. नवीन कुत्र्याला बावरलेपणातून सावरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, हे घर आपलं वाटायला तीन महिने. आडाखाच तो, तिथी नव्हे. पण या दोघांनी त्याची एक्सेल शीट केली होती. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला.

"सर, ती अजून बाथरूममध्येच आहे."

"असू दे की."

"नाही, पण आज तीन दिवस पूर्ण झाले. आम्ही माइलस्टोन मिस केलाय."

त्यांनी खोलीत कॅमेरे बसवले होते आणि दोघं ऑफिसमधून आळीपाळीने तिच्याकडे बघत. जांभईची नोंद, जीभ फिरवल्याची नोंद. घरी आले की दाराच्या फटीतून बघत. त्यांच्याइतकं मन लावून मिरीकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं, आणि मिरीचं नेमकं त्याच्याशीच वाकडं होतं. पुढे ते दोघं आपसात भांडायला लागले, की तिला स्ट्रेस कोणामुळे येतोय. एका संध्याकाळी त्यांनीच तिला परत आणून सोडलं. बिचारे रडत होते. "आमचं काय चुकलं?" मुलगा विचारत होता. मिरी त्याच्या मांडीवरून उतरून तीरासारखी मशीनमागे गेली. त्यांना काय सांगणार? परीक्षेला बसायची सवय असलेल्यांचं असं होतं.

दुसऱ्याला हसतोय, पण आमच्या घरातही निराळं चित्र नव्हतं. कुत्र्याने आपल्याला विचारलं नाही की माणूस फार दुखावतो. रोज हळद-मीठ न घातलेला चिकनभात मी शिजवायचा, मी, ज्याने घरात अंड्याची टरफलं उचलली नाहीत. आणि अंधार पडल्यावर ती गुपचूप बाहेर येऊन बायकोच्या गाउनचा वास घ्यायची. मी सहज म्हणून बायकोचा गाउन खुर्चीवरून उचलून माझी लुंगी तिथे ठेवून बघितली. सकाळी लुंगी जागच्या जागी. "तुला मत्सर वाटतो," बायको म्हणाली. मी म्हटलं, छे. त्या दिवशी भातात चिकन जरा कमी पडलं, पण तो योगायोग.

आणि मग बायकोचे मामा वाईहून आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.

मामा पोस्टमन होते. वाईत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं, आणि बहुतेक वस्त्यांवरच्या कुत्र्यांनी त्यांची चव बघून ठेवली आहे. रेबीजवरची ती जुनी लस, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची ती, मामांनी घेतलेली आहे. 2004च्या अखेरीस ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शनं देतात हे कोणी सांगितलं की मामांना आजच्या पिढीचा राग येतो. घरात कुत्रं आहे म्हटल्यावर त्यांनी मोतीबिंदू तसाच राहू देण्याची तयारी दाखवली होती. मामींनी ऐकलं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं: खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्याला झटका द्यायचा नाही, काळा चष्मा काढायचा नाही. मामींनी त्यात पदरचं घातलं: बडबड करायची नाही. मामा हॉलमधल्या खुर्चीत बसले. मशीन कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी विचारून घेतलं आणि त्या दिशेला कूस करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे तोंड करून ते जे बसले ते जेवायलाच हलले. उघड्या गेटमधून, कुत्र्याच्या देखत, पाकीट पोचवून जिवंत परत यायची ती विद्या होती. नजर द्यायची नाही, तिरकं राहायचं, घाई करायची नाही, हात खाली.

मुलगी व्हिडिओ कॉलवर बघत होती. "बाबा, हे किती करेक्ट बसलेत! यांनी कुठे कोर्स केलाय?"

"टपाल खात्यात," मी म्हणालो.

एका दुपारी मामांचा रेडिओ चालू होता, विविध भारती, हळू आवाजात. मामी पालेभाजी निवडत होत्या. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो. मशीनमागून आधी नाक आलं, मग मान. मग मिरी अशी काही बाहेर आली की पुढचे पाय हॉलमध्ये आणि मागचे अजून आतच, काही झालं तर परत न्यायला. अंग ताणून ताणून तिची लांबी दीडपट झाली होती. मामांच्या पायजम्याच्या टोकापाशी नाक पोचलं, तिथून ते चपलेवर गेलं, तिथून अंगठ्यावर.

"अगं," मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "पायाला काय लागतंय?"

"काही नाही," मामी म्हणाल्या.

"ओलं आहे."

"असू दे."

"गरमसुद्धा आहे."

"तुम्ही हलू नका. डॉक्टरांनी सांगितलंय."

मामा हलले नाहीत. भीतीने हलले नाहीत हे मला कपाळावरच्या घामावरून दिसत होतं, पण मिरीला कारणाशी काय करायचं होतं? तिला दिसला तो एक माणूस, जो बघत नाही, बोलावत नाही, वाकत नाही, हात पुढे करत नाही आणि ज्याला तिच्याकडून काही म्हणजे काही नको आहे. ती तिथेच, त्यांच्या खुर्चीखाली, चार पाय पसरून झोपली. "गेली का?" मामा दर पाच मिनिटांनी विचारत. "गेली," मामी सांगत. महिनोन्महिने चादरी पिळणारा मी पेपरच्या कडेवरून हे बघत होतो, आणि माझी मनःस्थिती फारशी उदात्त नव्हती.

पुढे मामांना कळलंच. कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चावायची असती तर एवढ्यात चावली असती." त्यांच्या तोंडून कुत्र्याबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. वाईला परत जायची वेळ आली तेव्हा मामींनी डबे भरता भरता विचारलं, "हिचे कपडेबिपडे काही आहेत का, की तशीच न्यायची?"

मुलीने तरीही फॉर्म भरून घेतला. नियम म्हणजे नियम.

"आजोबा, कुत्र्यांचा काही अनुभव?"

"चावलीयत. केस पेपर आहेत."

"कुत्रं का घ्यावंसं वाटतं?"

"मला नाही वाटत. ती खुर्चीखालून निघत नाही."

"समजा, ती तुमच्याजवळ यायला सहा महिने लागले तर?"

"लागू देत की. मला काय घाई?"

"आणि समजा, कधीच लाड करून घेतले नाहीत तर?"

"मग तर फारच बरं," मामा मनापासून म्हणाले.

आमच्याकडे आलेल्या सगळ्या फॉर्मांमध्ये या प्रश्नाचं हे एकच उत्तर असं होतं. बाकीच्यांनी 'प्रेमाने जिंकू' असं लिहिलं होतं.

मिरी आता वाईला आहे. मामांचा फोन येतो, त्यात तिच्याबद्दल तक्रारवजा माहिती असते. संध्याकाळी ते कृष्णेच्या घाटाकडे ढोल्या गणपतीपर्यंत जातात, हार्नेसचा पट्टा मामांच्या हातात असतो आणि दोघंही एकमेकांकडे न बघता चालतात. वाटेत दुसरं कुत्रं आलं की दोघंही एकाच वेळी मामींच्या मागे लपतात. मिरी एकदा भुंकली, दारात कुरिअरवाला आला तेव्हा. "माझ्या वेळेला असती तर मलाच भुंकली असती," मामा म्हणाले, पण स्वर नाराजीचा वाटला नाही. आयटीवाल्या जोडप्याला मी हे कळवलं. त्यांनी विचारलं, मामा नेमकी कुठली मेथड फॉलो करतात.

वाचकहो, मुलगी दिवाळीला आली ती हात हलवत आली नाही. सध्या आमच्याकडे तपकिरी रंगाचा एक नर आहे, वय अंदाजे दोन वर्षं, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली, कान कापलेला, जात गावठी. छत्री, भाऊगर्दी आणि कौतुक यांना घाबरतो. ज्यांच्याकडे कुत्री आपण होऊन धावत येतात त्यांनी तसदी घेऊ नये. ज्यांना कुत्र्यांची थोडी धास्ती वाटते, ज्यांना घरात कोणी विचारलं नाही तरी चालतं, ज्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही आणि जे दुपारी रेडिओ लावून नुसते बसतात, अशांनी मात्र जरूर यावं. बेल वाजवू नये, दारावर हळूच टकटक करावी. आत आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसावं. चहा मिळेल.